फायबर होडीच्या खणांची झाकणे : बिजागऱ्यांचे स्क्रू सैल, कडी जाम आणि आत पाणी

हर्णै_बंदरकर

नमस्कार मंडळी. आमची २८ फुटी फायबरची होडी सध्या पावसाळी बंदीमुळे वर ओढून शाकारून ठेवलेली आहे. १ ऑगस्टला दर्या खुला होण्यापूर्वी तिच्या खणांच्या झाकणांची दुरुस्ती घरच्या घरी करावी, असा विचार आहे. होडीला तीन खण आहेत. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, खणात नांगर, दोर आणि लाइफ जॅकेट असतात, मधला खण बर्फ आणि मासळीचा आहे, तर मागच्या खणात बॅटरी आणि इंधनाचे कॅन ठेवतो. होडीला आठ वर्षे झाली असून झाकणे मूळचीच आहेत.

प्रत्येक झाकणाला दोन पितळी बिजागऱ्या आहेत आणि त्या जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी स्क्रूंनी बसवलेल्या आहेत. एका झाकणाला एकूण बारा स्क्रू येतात. मधल्या झाकणाच्या बारांपैकी पाच स्क्रू आता नुसते जागच्या जागी फिरतात आणि दोघांची डोकी तर गंजून निघूनच आली आहेत. गेल्या वर्षी मी जाड स्क्रू घालून पाहिले होते, ते दिवाळीपर्यंतही टिकले नाहीत. नाळेकडच्या झाकणाची फिरकीची कडी इतकी जाम झाली आहे की ती उघडायला दर वेळी पकड लागते. तिन्ही खणांत पाणी शिरते. काठाला लावलेली रबरी पट्टी काही ठिकाणी फाटली आहे आणि मागच्या खणाची तर फुगून बाहेरच आली आहे. मी गळतीच्या जागी सिलिकॉनही लावून पाहिले, पण त्याने काही साधले नाही.

एका वर्कशॉपमध्ये विचारले, तेव्हा तिन्ही झाकणे नवीन करा, दुरुस्तीत अर्थ नाही, असे सांगण्यात आले. तो खर्च यंदा झेपणारा नाही. माझ्याकडे ड्रिल मशीन, छोटा ग्राइंडर आणि साधी सुतारी हत्यारे आहेत. सैल झालेले स्क्रू कायमचे घट्ट कसे करावेत, कडी मोकळी कशी करावी आणि कोणती रबरी पट्टी घ्यावी, एवढे जाणकारांनी कृपया सांगावे. मागचा खण मात्र मला पूर्ण हवाबंद करायचा आहे, म्हणजे बॅटरीला खारे पाणी लागणार नाही.


वसईकर_हौशी

स्क्रू फिरत असेल तर आगपेटीच्या काड्या गोंदात बुडवून भोकात ठोकाव्यात, वर आलेला भाग पात्याने कापून टाकावा आणि त्याच जागी स्क्रू पुन्हा पिळावा. आमच्या घराच्या दाराला केलेला हा उपाय दहा वर्षे टिकला आहे. पाण्यासाठी काठाभोवती सिलिकॉनचा जाड थर द्यावा.


मिरकरवाडा_फायबर

काड्यांचा उपाय घराच्या दाराला चालतो, कारण त्या दाराचे लाकूड कोरडे असते आणि नुसते भोकच मोठे झालेले असते. होडीच्या झाकणात तसे नसते, तिथे काड्या ठोकणे म्हणजे कुजलेल्या लाकडात आणखी लाकूड कोंबणे आहे. मी फायबरचेच काम करतो आणि बंदीच्या दोन महिन्यांत अशी झाकणे सतत हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या बहुतेक झाकणांत वर तीन-चार मिलिमीटर फायबर, मध्ये साधारण बारा मिलिमीटरचे प्लायवूड आणि खाली पुन्हा फायबरचा पातळ थर असतो. स्क्रूची खरी पकड त्या मधल्या प्लायमध्ये असते. स्क्रू बसवताना भोकाच्या कडा उघड्या राहिल्या, तर पाणी आट्यांवरून आत उतरते आणि खाली-वर फायबर असल्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. प्लाय आधी फुगतो, मग काळा पडून मऊ होतो आणि शेवटी स्क्रूला धरायला काही उरतच नाही. आपण जाड स्क्रू घातलात, म्हणजे पाण्याची वाट रुंद केली. तेव्हा तक्रार जरी स्क्रूची दिसत असली, तरी दुखणे खालच्या प्लायचे आहे आणि आधी ते कितपत पसरले आहे हे पाहायला हवे.

त्यासाठी झाकण काढून सपाट जागी ठेवा आणि पाच रुपयांच्या नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने बोटभर अंतरावर ठोकत जा. चांगल्या जागी टणक, खणखणीत आवाज येतो आणि ओल्या किंवा सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. बद्द जागेच्या कडेने खडूने रेघ ओढत गेलात की आजाराचा नकाशाच तयार होतो. शंका राहिली, तर झाकणाच्या आतल्या बाजूने तीन मिलिमीटरचे एखादे भोक पाडून निघालेला भुसा बोटांत चोळून पाहा. भुसा फिका आणि कोरडा असेल, तर चिंता नाही. तो काळपट आणि ओला असून त्याचा गोळा होत असेल, तर प्लाय गेला आहे. बद्द जागा बिजागरीभोवती तळहाताएवढीच असेल, तर पुढे सांगतो ती दुरुस्ती पुरते. ती त्याहून मोठी असेल, तर खालचा थर उघडावा लागेल.

बिजागऱ्या काढून प्रत्येक भोक दहा मिलिमीटरच्या ड्रिलने मोठे करा, मात्र खालचा फायबरचा थर फोडू नका. त्यासाठी ड्रिलच्या पात्याला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळून खूण करून ठेवावी. मग एक खिळा टोकाशी काटकोनात वाकवून ड्रिल मशीनमध्ये धरा आणि हळू वेगाने भोकात फिरवा. वाकडे टोक वरचा थर न बिघडवता आतला कुजका प्लाय चहूबाजूंनी कोरून काढते. निघालेला चुरा झटकून भोके आधी गोड्या पाण्याने धुवा, कारण खारट ओल लवकर सुकत नाही. नंतर झाकणाजवळ शंभर वॅटचा साधा बल्ब लावून दोन-तीन दिवस सुकू द्या. या पायरीला घाई केली, तर पुढचे सगळे काम फुकट जाते.

सुकल्यावर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणारे चिकट रेझिन, घ्या. रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर जसे लिहिले असेल तसेच, काट्यावर तोलून घ्यावे, कारण हार्डनर जास्त घातल्याने इपॉक्सी लवकर वाळत नाही, उलट ते मऊ राहते. आधी पातळ इपॉक्सी काडीने भोकाच्या आतल्या भिंतीला चोपडा आणि लाकडाला ते पिऊ द्या. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेल्या इपॉक्सीत फ्यूम्ड सिलिका (रेझिन घट्ट करणारी हलकी पांढरी पूड) मिसळून ते श्रीखंडासारखे घट्ट करा. ती मिळाली नाही, तर लाकडाचा अगदी बारीक, कोरडा भुसाही चालतो. हे मिश्रण औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बिनसुईच्या दहा मिलीच्या सिरिंजने तळापासून वर भरत यावे, म्हणजे आत हवा कोंडत नाही. एका वेळी फार मिश्रण कालवू नका. वाटीत साठलेले इपॉक्सी स्वतःच तापते आणि हातातच दगड होऊन बसते.

पावसाळी हवेत ते पुरते कडक व्हायला दोन दिवस द्या. त्यानंतर पाच मिलिमीटरच्या स्क्रूसाठी चार मिलिमीटरचे नवे भोक पाडा आणि त्याच्या तोंडाशी मोठ्या पात्याने किंचित वाटी करा. या वाटीमुळे स्क्रू आत जाताना जेलकोटचे, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराचे, टवके उडत नाहीत आणि तिच्यात सीलंट साठून स्क्रूच्या मानेभोवती कडे तयार होते. आता स्क्रूच्या बाजूने पाणी उतरले, तरी ते इपॉक्सीपाशीच थांबते, प्लायपर्यंत पोहोचत नाही.

डोकी तुटून आत राहिलेल्या स्क्रूंसाठी एक युक्ती आहे. सोल्डरिंगची इस्त्री त्या तुकड्यावर दोन-तीन मिनिटे टेकवून ठेवली की भोवतीचे रेझिन मऊ पडते आणि तुकडा पकडीने फिरवून काढता येतो.

सिलिकॉन मात्र होडीवर कुठेही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते फायबरवरून लवकर सुटते आणि त्याचा जो तेलकट अंश मागे राहतो, त्यावर पुढे रंग, रेझिन किंवा दुसरे सीलंट धरत नाही. लावलेले सिलिकॉन आधी पात्याने खरवडून पूर्ण काढा आणि मगच पॉलिश पेपर मारा. क्रम उलटा झाला, तर ते घासून फायबरमध्ये जिरते. बिजागरीखाली पॉलियुरेथेनचे सागरी सीलंट वापरावे.


जुना_फोरमन

मी जहाजबांधणीच्या कारखान्यातून निवृत्त झालो आहे. वरचे उत्तर मला पूर्ण मान्य आहे, फक्त धातूंचा मुद्दा त्यात आला नाही, म्हणून तो जोडतो.

आपल्या स्क्रूंची डोकी निघून आली, याचे कारण नुसता गंज नाही. पितळ आणि जस्त-लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की एक प्रकारची बॅटरीच तयार होते आणि तिच्यात झिजण्याचे काम जस्ताच्या व लोखंडाच्या वाट्याला येते. शिवाय इथे बिजागरीचा पत्रा मोठा आणि स्क्रू लहान आहे. मोठ्या पितळेची सगळी झीज त्या लहानशा स्क्रूवर एकवटते, म्हणून आधी मुलामा संपतो आणि मग लोखंड भराभर खाल्ले जाते. बिजागरी आणि स्क्रू शक्यतो एकाच धातूचे असावेत, हा साधा नियम पाळला तरी निम्मे त्रास टळतात. पितळी बिजागऱ्या अजून धडधाकट असतील आणि त्या ठेवायच्याच असतील, तर ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे स्क्रू वापरावेत. तिथे झीज मोठ्या पितळी पत्र्यावर पसरते, त्यामुळे ती फार संथ असते.

स्टेनलेस घेताना दुकानदार चुंबक लावून दाखवतो आणि चिकटत नाही म्हणजे उत्तम माल, असे सांगतो. त्यावर विसंबू नये. स्वस्तातले २०२, घरगुती भांड्यांचे ३०४ आणि सागरी ३१६ या तिन्हींना चुंबक जवळपास सारखाच लागत नाही. ३१६ मध्ये सुमारे दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या पाण्यात पडणारे बारीक खड्डे त्याच्यामुळे बरेच रोखले जातात. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर दर्जा कोरलेला असतो. ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचा आणि ए४ म्हणजे ३१६ च्या जातीचा. डोके कोरे असेल, तर तो बोल्ट होडीला घेऊ नये.

माझ्या मते मधल्या झाकणाला स्क्रूऐवजी आरपार सहा मिलिमीटरचे बोल्ट घालावेत, कारण ते झाकण दिवसातून कितीतरी वेळा उघडते आणि त्यावर माणसे उभीही राहतात. खालच्या बाजूला मोठे वायसर आणि आत नायलॉनचे कडे असलेले नट घ्यावेत. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर मशीनने जोरात पिळला, तर दोघांचे आटे एकमेकांत रुतून जाम होतात आणि मग बोल्ट कापण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आट्यांना थोडे ग्रीस लावून ते हाताच्या पान्याने आवळावेत. बोल्टचे डोके स्थिर धरून खालून नट फिरवावा, म्हणजे डोक्याखालचे सीलंट ढळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. मागचा खण हवाबंद करण्याचा विचार कृपया सोडून द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खणाच्या तळाशी साचून राहते आणि डोळ्यांना दिसत नाही. त्याच खणात बॅटरी असली, तर तिच्या टोकावर सैल तारेची एक ठिणगीही पुरेशी होते. चार्ज होताना साध्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, तो निराळाच. आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेले इंजिन) रॉकेलवर चालणारे असले, तरी ते सुरू करायला पेट्रोल लागते, म्हणजे पेट्रोलचा कॅन होडीवर येतोच. बॅटरी तिथून हलवून वेगळ्या, झाकणाच्या पेटीत उंचावर ठेवा. इंधनाच्या खणाला वाफ जाण्यासाठी एक वाट तळाजवळून आणि ताज्या हवेसाठी दुसरी वरून, अशा दोन वाटा ठेवा. त्यांची बाहेरची तोंडे खाली वाकवलेली असली, की लाटेचे पाणी आत येत नाही. या खणावर ड्रिल चालवण्यापूर्वी कॅन आणि बॅटरी बाहेर काढून झाकण निदान अर्धा दिवस उघडे ठेवावे, कारण ड्रिल मशीनच्या आतच ठिणग्या पडत असतात.


हर्णै_बंदरकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल ताडपत्रीखाली बसून तिन्ही झाकणे ठोकून पाहिली. नाळेकडच्या आणि मागच्या झाकणांत बद्द आवाज फक्त बिजागऱ्यांभोवती आहे. मधल्या झाकणाचा मात्र बिजागरीकडचा जवळजवळ एक तृतीयांश भाग गेलेला आहे. आतून भोक पाडले, तेव्हा भुसा आलाच नाही. काळा चिखल पात्याला गुंडाळून वर आला आणि त्याला कुबट वास होता. तुटलेले दोन्ही स्क्रू सोल्डरिंगच्या इस्त्रीने सुटले, त्यातला एक सुताइतका बारीक झाला होता. बॅटरी हलवण्याचे वडिलांनी लगेच मान्य केले. खरे तर ते हेच तीन वर्षांपासून सांगत होते, हेही इथे लिहायला हवे.

आता मधले झाकण वाचवता येईल का? आमच्याकडे गेल्या वर्षीचे पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट (काचतंतूंची चटई) शिल्लक आहे, ते वापरावे की इपॉक्सीच घ्यावे?


मिरकरवाडा_फायबर

एक तृतीयांशच गेले असेल, तर झाकण नक्की वाचेल. ते उलटे करा आणि बद्द जागेच्या हद्दीबाहेर चार बोटे जाऊन आतला पातळ थर ग्राइंडरने चौकोनात कापा, मात्र झाकणाच्या काठाची दीड-दोन इंचांची पट्टी अखंड राहू द्या. चौकोन सांडशीने उचलून बाजूला ठेवा, तोच परत बसवता येतो. ओला प्लाय पटाशीने खरवडून काढा, कोरडा आणि टणक भाग लागेपर्यंत मागे हटत जा आणि वरच्या थराची आतली बाजू खरबरीत पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करा. नवीन प्लाय आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय असावा. कापल्यावर त्याच्या चारही कडांना पातळ इपॉक्सी पाजून मगच तो बसवावा.

बिजागऱ्या जिथे येणार, तिथे मात्र प्लाय घालूच नका. तेवढी चार इंच रुंदीची पट्टी मोकळी सोडा आणि फायबरचे थर एकावर एक देऊन ती भरीव करा. पुन्हा कधी सीलंट सुटले, तरी तिथे कुजायला लाकूडच नसेल. नवी झाकणे करतानाही असेच करायला हवे होते, पण भाव पाडून काम घेतले की पहिली काटछाट अशाच न दिसणाऱ्या जागी होते. यात आमच्या धंद्यातल्या मंडळींचाही दोष आहे.

रेझिनबद्दल सांगायचे तर दोन्ही चालतात, पण त्यांची सरमिसळ विचार करूनच करावी. पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगले धरते, उलट वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. दुसरे असे की, आपली नेहमीची मॅट ज्या चिकट द्रव्याने एकत्र धरलेली असते, ते पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळते, इपॉक्सीने नाही. इपॉक्सीबरोबर ती मॅट वापरली, तर ती ताठ राहते आणि कोपऱ्यांत बसत नाही, म्हणून इपॉक्सी घेणार असाल तर विणलेले कापड घ्या. या झाकणासाठी मी स्वतः सगळे इपॉक्सीतच करीन, कारण जुन्या फायबरला आणि लाकडाला त्याची पकड अधिक चांगली असते. शिवाय वर्षभर पडून राहिलेले पॉलिएस्टर डब्यातच घट्ट व्हायला लागलेले असते. डब्याचे झाकण काढून ते धार धरून पडते का, की गोळ्यांनी तुटते, हे पाहा. गोळे पडत असतील, तर ते टाकून द्यावे.

तरीही पॉलिएस्टर वापरणार असाल, तर कॅटलिस्टचे (रेझिन कडक करणाऱ्या द्रवाचे) प्रमाण एक ते दोन टक्क्यांच्या आतच ठेवा, म्हणजे शंभर ग्रॅमला एक-दोन मिली. कोबाल्ट (कडक होण्याचा वेग वाढवणारे द्रव) वेगळे घालायचे असेल, तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा आणि कॅटलिस्ट शेवटी घाला. कोबाल्ट आणि कॅटलिस्ट थेट एकमेकांत कधीही ओतू नये, त्याचा भडका उडतो. कॅटलिस्टचा थेंब डोळ्यात गेला, तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. घासताना उडणारी काच छातीत जाऊ नये, यासाठी नाकाला साधा रुमाल पुरत नाही, धुळीचा चांगला मास्क घ्यावा.

जुलैत हवा इतकी दमट असते की इपॉक्सीच्या पहिल्या थरावर कधी कधी मेणचट पापुद्रा येतो. पुढचा थर देण्यापूर्वी तो पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुऊन, सुकवून घ्यावा. त्याकडे दुर्लक्ष झाले, तर वरचा थर पापडासारखा सुटून येतो. प्लायवर वजन ठेवताना वाळूच्या पिशव्या ठेवा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. हे मासळीच्या खणाचे झाकण आहे, तेव्हा काम झाल्यावर ते आठवडाभर उघड्यावर पुरते पिकू द्या आणि साबणाने धुऊन मगच बर्फावर चढवा.


देवगड_सागरी

कडी आणि रबर यांबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून माझा अनुभव देतो.

जाम झालेल्या कडीवर एकदम तेल ओतू नये. आतमध्ये बहुधा मीठ धरलेले असते आणि मीठ तेलात विरघळत नाही. कडी काढून रात्रभर कोमट गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा आणि हलवून पाहा. माझ्या तीन कड्यांपैकी दोन एवढ्यानेच सुटल्या. तिसरीच्या फिरकीवर पांढरी भुकटी आली होती आणि ती जागा फुगली होती, म्हणजे आतला जस्ताचा ओतीव भागच संपला होता. अशी कडी सोडवण्यात वेळ घालवू नये, ३१६ ची नवी बसवावी. सुटलेली कडी पूर्ण सुकल्यावरच तिला ग्रीस लावावे.

ग्रीसचे बोट रबराला लागू देऊ नका. बाजारात मिळणारी बरीचशी काळी पट्टी ईपीडीएम रबराची असते. ती ऊन आणि खारे पाणी उत्तम सोसते, पण पेट्रोल, डिझेल आणि ग्रीस लागले की फुगते. आपल्या मागच्या खणाची पट्टी फुगून बाहेर आली, त्याचे कारण हेच असावे. पुढच्या दोन खणांना ईपीडीएमच घ्या आणि इंधनाच्या खणाला निओप्रीन घ्या. पट्टी स्पंजाची घेणार असाल, तर बंद छिद्रांची घ्यावी. घेण्यापूर्वी दुकानातच तुकडा पाण्यात दाबून सोडून पाहा. पाणी शोषून जड झाला, तर तो खिडकीच्या कामाचा आहे, होडीच्या नाही.

पट्टी बसवल्यावर काठावर खडू घासा, झाकण कडी लावून बंद करा आणि पुन्हा उघडा. रबरावर खडूची रेघ अखंड उमटली पाहिजे. जिथे ती तुटली असेल, तिथून पाणी येणार. दुसरी परीक्षा म्हणजे वर्तमानपत्राची पट्टी झाकणात धरून ओढणे. ती अडखळत निघाली पाहिजे, सहज सुटून आली तर दाब अपुरा आहे. मात्र दाब वाढवण्यासाठी फार जाड पट्टी लावू नका. झाकण बिजागरीकडे उचलले जाते आणि सगळा ताण आपण आत्ताच दुरुस्त केलेल्या त्या स्क्रूंवर येतो. रबर साधारण पाव ते एक तृतीयांश दाबले गेले, तरी पुष्कळ झाले. पट्टीचा जोड कोपऱ्यात न ठेवता सरळ बाजूवर ठेवावा.

आणखी एक गोष्ट. झाकणाच्या काठाभोवती जी पन्हळ असते, तिचे निचऱ्याचे भोक एकदा पाहा. पन्हळ तुंबली, तर कितीही चांगले रबर लावा, पाणी वरून चढून आत येतेच.


हर्णै_बंदरकर

काम बरेचसे झाले आहे, म्हणून कळवतो. देवगडकरांनी म्हटले, तसे पन्हळीची भोके पाहिली आणि मला अक्षरशः लाज वाटली. मधल्या खणाची दोन्ही भोके खवल्यांनी गच्च भरली होती आणि नाळेकडचे भोक तर मीच गेल्या वर्षी रंगाने बुजवले होते. तारेने कोरल्यावर साठलेले पाणी डोळ्यांदेखत निघून गेले. म्हणजे सिलिकॉनचे थरावर थर दिले, तेव्हा पाणी मुळात दुसरीकडूनच येत होते.

मधले झाकण सांगितल्याप्रमाणे उघडून नवा मरीन प्लाय बसवला आणि बिजागरीची पट्टी भरीव फायबरची केली. वाळूच्या पिशव्यांखाली ते दोन दिवस होते. इपॉक्सीवर पापुद्रा खरोखरच आला होता. हाताला साबणासारखा गुळगुळीत लागत होता, तो हिरव्या घासणीने धुतला. बोल्ट ए४ शिक्क्याचे मिळाले, पण त्यासाठी रत्नागिरीला जावे लागले. नाळेकडची कडी गोड्या पाण्यात एका रात्रीत सुटली. बॅटरीसाठी वडिलांनी फळ्यांची वेगळी पेटी केली आहे आणि मागच्या खणाला दोन वाकडी नळकांडी बसवली आहेत.

फक्त मधल्या झाकणाच्या उजव्या बाजूला, बिजागरीजवळच्या कोपऱ्यात कागदाची पट्टी अजून सैल निघते. खडूची रेघही तिथे चार बोटे तुटते. त्या जागी रबराखाली आणखी एक पातळ पट्टी चिकटवावी का?


मिरकरवाडा_फायबर

पट्टी वाढवू नका. बिजागरीजवळच सैल आहे, म्हणजे त्या बिजागरीखाली जादा इपॉक्सीचा उंचवटा राहिला असणार आणि झाकण तेवढे वर उचलले जात असणार. बोल्ट सैल करून ती एकच बिजागरी काढा, डेकवर स्टीलची पट्टी आडवी धरून फट कुठे दिसते ते पाहा आणि उंचवटा कानशीने घासून पातळीला आणा. बसवताना नायलॉनचे कडे असलेले नट नवीन घ्या. एकदा काढलेल्या नटाची पकड आधीसारखी राहत नाही.